कारखान्याची खरेदी शिकताना या चुका टाळा

भोसरी, चाकण, सातपूर किंवा वाळूज येथील सुटे भाग बनविणाऱ्या लहान-मध्यम कारखान्यांत विक्रीतून आलेल्या पैशांचा सर्वांत मोठा वाटा बहुधा माल आणण्यातच खर्च होतो. समजा, एखाद्या कारखान्याची उलाढाल वर्षाला १० कोटी रुपये, मालाची खरेदी ६ कोटी आणि निव्वळ नफा ८० लाख रुपये आहे. अशा ठिकाणी खरेदीत दोन टक्के बचत झाली, तर नफ्यात थेट १२ लाखांची भर पडते. त्यामुळे अनेक उद्योजक आपल्या परचेस विभागातील माणसांना पुढचे प्रशिक्षण देऊ इच्छितात आणि अनेक तरुण अभियंतेही या क्षेत्राकडे वळतात. मात्र शिकण्याची सुरुवात बहुतेक जण घासाघिशीच्या तंत्रापासून करतात. पीओवर (खरेदीच्या लेखी ऑर्डरवर) लिहिला जाणारा दर हा या कामाचा एक लहान भाग आहे. पीओ निघण्यापूर्वी आणि माल गेटमधून आत आल्यानंतर काय घडते, हे आकड्यांत मांडता येणे हेच खरे प्रगत कौशल्य होय. खालील बहुतेक चुका या एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

किलोच्या दरावर निर्णय घेणे

तीन कोटेशन मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा आणि सर्वांत कमी दराला ऑर्डर द्यायची, ही पद्धत शिस्तीची असली तरी तक्त्यात कोणते रकाने आहेत यावर तिचा उपयोग अवलंबून असतो. एक उदाहरण सविस्तर पाहू. चाकणच्या एका कारखान्याला महिन्याला १० टन पोलादी राउंड बार लागतात. पहिला पुरवठादार ७२ रुपये किलोने माल कारखान्यात पोहोच देतो आणि ४५ दिवसांची उधारी देतो. दुसऱ्याचा दर ७० रुपये आहे. परंतु माल कळंबोलीच्या गोडाऊनमधून उचलावा लागतो, पैसे आगाऊ द्यावे लागतात आणि बार ठरावीक लांबीचे मिळत नाहीत. वाहतूक किलोमागे १ रुपया १० पैसे धरली, ४५ दिवसांचे व्याज वार्षिक १२ टक्क्यांनी सुमारे १ रुपया ४ पैसे धरले आणि लांबी कमी-जास्त असल्याने दोन टक्के जादा तुकडे वाया जाऊन ते निम्म्या किमतीला भंगारात गेले असे मानले, तर आणखी ७० पैसे वाढतात. दुसऱ्याचा खरा दर ७२ रुपये ८४ पैसे झाला. परचेसच्या अहवालात महिन्याला २० हजारांची बचत दिसते आणि प्रत्यक्षात कारखान्याला वर्षाला सुमारे १ लाख रुपयांचा भुर्दंड बसतो.

या हिशेबात जीएसटी घेतलेला नाही, कारण त्याचे क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळते असे आपण गृहीत धरतो. ते गृहीतकही तपासावे लागते. पुरवठादाराने आपले विवरणपत्र भरले नाही आणि त्याचे बिल आपल्या जीएसटीआर-२बीमध्ये (पोर्टलवर तयार होणाऱ्या क्रेडिटच्या मासिक तक्त्यात) आले नाही, तर १ जानेवारी २०२२ पासून ते क्रेडिट घेता येत नाही. ७० रुपयांच्या पोलादावर १८ टक्क्यांनी १२ रुपये ६० पैसे कर होतो. दोन रुपयांसाठी नवा पुरवठादार शोधताना साडेबारा रुपये अडकण्याचा धोका आपण पत्करत आहोत का, हे आधी पाहिले पाहिजे. त्याची मागील काही महिन्यांची विवरणपत्रे वेळेवर भरली गेली आहेत की नाहीत, हे जीएसटी पोर्टलवर दोन मिनिटांत दिसते. पहिली ऑर्डर देण्यापूर्वी ते पाहण्याची सवय लावून घ्यावी.

पुरवठादाराने सांगितलेला लीड टाइम (ऑर्डरपासून माल येईपर्यंतचा काळ) खरा मानणे

‘माल वेळेवर येत नाही’ ही परचेस विभागाबद्दलची सर्वांत जुनी तक्रार आहे आणि तिचे निदान बहुतेक वेळा चुकीचे केले जाते. पुरवठादाराला फोन करून तगादा लावणे हा त्यावर उपाय नव्हे. आधी मागील वर्षभरातील त्या एका मालाचे सर्व पीओ काढावेत आणि प्रत्येकासमोर पाच तारखा लिहाव्यात: स्टोअरने मागणी केली ती तारीख, पीओ प्रत्यक्ष गेला ती तारीख, माल निघाला ती तारीख, गेटवर इनवर्ड (आवक नोंद) झाली ती तारीख आणि तपासणी होऊन जीआरएन (माल स्वीकारल्याची नोंद) झाला ती तारीख. हे काम कंटाळवाणे आहे. पण या विषयातील कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्यातून अधिक शिकायला मिळते, असे माझे ठाम मत आहे.

मागणी आणि पीओ यांच्यात दिवस जात असतील, तर अडथळा आपल्याच कार्यालयात मंजुरीच्या सहीपाशी आहे. पीओ आणि माल निघणे यांच्यातील अंतर दर वेळी वेगवेगळे असेल, तर पुरवठादाराची क्षमता कमी पडते किंवा आपली जुनी बिले थकल्यामुळे तो दुसऱ्या ग्राहकाचा माल आधी काढतो. माल गेटवर येऊनही जीआरएनला तीन-चार दिवस लागत असतील, तर गुणवत्ता तपासणीसाठी माणूस किंवा गेज कमी आहे. तीन कारणांवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत आणि पुरवठादार बदलून त्यांपैकी फार तर एकच दूर होईल.

याच तारखांमधून सुरक्षा साठाही, म्हणजे माल उशिरा आला तरी काम चालावे म्हणून ठेवलेला जादा मालही, ठरतो. तो अंदाजाने ‘पंधरा दिवसांचा’ ठेवण्याची पद्धत सर्रास आढळते. आपल्या उदाहरणात रोज ४०० किलो बार लागतात. सरासरी लीड टाइम ९ दिवस असेल आणि वर्षभरातील सर्वांत वाईट अनुभव १५ दिवसांचा असेल, तर त्या सहा दिवसांसाठी २,४०० किलो साठा पुरेसा आहे. त्यात सुमारे १ लाख ७३ हजार रुपये गुंततात आणि १२ टक्क्यांनी वर्षाला सुमारे २१ हजार रुपये व्याज पडते. एक दिवस मशीन बंद राहिल्याचा खर्च याच्याशी ताडून पाहिला की साठा ठेवावा की नाही, हा वाद उरत नाही. पुरवठादाराचा १५ दिवसांचा पल्ला ११ दिवसांवर आणता आला, तर हा साठा ८०० किलोवर येतो. म्हणजे सरासरी लीड टाइम कमी करण्याइतकेच त्यातील अनिश्चितता कमी करण्याला मोल आहे. पावसाळ्यातील घाटरस्ते, दिवाळीनंतर गावी गेलेले कामगार आणि मार्चअखेरची गर्दी ही दरवर्षी ठाऊक असलेली कारणे आहेत. त्या काळासाठी वेगळा आकडा धरावा.

महाग मालाकडे लक्ष आणि स्वस्त भागाकडे दुर्लक्ष

एबीसी विश्लेषण, म्हणजे वार्षिक खर्चानुसार मालाचे तीन वर्ग करण्याची पद्धत, शिकल्यावर ‘ए’ वर्गातील महागड्या मालावर सगळे लक्ष जाते आणि ‘सी’ वर्गातील किरकोळ भाग कनिष्ठ कर्मचाऱ्याकडे सोपवले जातात. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधील कारिया येथे आयसिन सेकी या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तेथे टोयोटाच्या मोटारींच्या ब्रेकसाठी लागणारा एक लहान, स्वस्त व्हॉल्व्ह बनत असे आणि टोयोटा तो जवळजवळ पूर्णपणे याच ठिकाणाहून घेत असे. साठा फारच थोडा होता. त्या एका भागावाचून टोयोटाचे जपानमधील बहुतेक जुळणी कारखाने काही दिवस बंद पडले.

या घटनेतून ‘प्रत्येक भागाला दोन पुरवठादार ठेवा’ एवढाच धडा सहसा घेतला जातो, तो अपुरा आहे. टोयोटा इतक्या लवकर पुन्हा उभी राहिली, याचे कारण असे की आयसिनने आराखडे खुले केल्यावर इतर अनेक पुरवठादारांनी, ज्यांनी हा भाग पूर्वी कधी बनविला नव्हता त्यांनीही, आपली मशीने बाजूला काढून तो बनवायला घेतला. असे सहकार्य संकटाच्या दिवशी मागून मिळत नाही. ते वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून तयार झालेले असते.

व्यवस्थापन सल्लागार पीटर क्रालजिक यांनी १९८३ मध्ये मांडलेली वर्गवारी येथे उपयोगी पडते. तिच्यात प्रत्येक माल दोन कसोट्यांवर पाहिला जातो: त्याचा आपल्या नफ्यावर किती परिणाम होतो आणि त्याचा पुरवठा मिळवणे किती अवघड आहे. त्यातून चार चौकोन तयार होतात. स्वस्त परंतु एकाच ठिकाणी मिळणाऱ्या मालासाठी घासाघीस करण्यात अर्थ नसतो. तेथे साठा, पर्यायी रचना किंवा दुसऱ्या स्रोताची मंजुरी यांवर वेळ द्यावा लागतो. उलट, दहा जणांकडे मिळणाऱ्या नटबोल्टसाठी दीर्घ करारांचे कागद रंगविणेही व्यर्थच. ही वर्गवारी वर्षातून एकदा तरी पुन्हा करावी, कारण एखादा पुरवठादार बंद पडला की माल एका चौकोनातून दुसऱ्यात जातो.

सर्वांना सरसकट पाच टक्के दरकपात मागणे

वाटाघाटींचा अभ्यासक्रम पूर्ण करून आलेल्या खरेदीदाराकडून हे पत्र हमखास निघते. पुरवठादाराच्या खर्चाची मांडणी हातात नसताना मागितलेली कपात तो मालाच्या प्रतीतून, वजनातून किंवा पुढच्या दरवाढीतून वसूल करतो. त्याऐवजी भागाचा अपेक्षित खर्च स्वतः मांडायला शिकावे. समजा, एका जॉबला १.२ किलो बार लागतो आणि तयार भागाचे वजन ०.८ किलो आहे. ७२ रुपयांनी मालाची किंमत ८६ रुपये ४० पैसे होते आणि ०.४ किलो टर्निंगचा स्क्रॅप निघतो. तो ३५ रुपये किलोने विकला जात असेल, तर १४ रुपये पुरवठादाराला परत मिळतात. कोटेशनमध्ये ही वजावट दाखवली आहे का, हा एक प्रश्न विचारण्याने जे साधते ते तासभर भाव पाडण्याने साधत नाही, आणि पुरवठादारही दुखावत नाही, कारण बोलणे वजनकाट्यावरच्या आकड्यांचे असते.

मालाच्या दरातील चढउतारासाठी दर तिमाहीला फरकाचा हिशेब पूर्ण करण्याची अट करारातच लिहून ठेवावी. ती दोन्ही बाजूंना लागू असली पाहिजे. पोलाद स्वस्त झाल्यावर लगेच कपात घेणारा आणि महाग झाल्यावर तीन महिने टाळाटाळ करणारा ग्राहक पुरवठादाराच्या यादीत शेवटी जातो.

पैसे उशिरा देणे हे कौशल्य समजणे

रोख रक्कम हातात राहते म्हणून बिले लांबविण्याची सवय अजूनही टिकून आहे. नैतिकदृष्ट्या ती मला अयोग्य वाटतेच. पण आता ती महागही पडते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, तीही ४५ दिवसांहून अधिक नसलेल्या, आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. त्यात भर म्हणून २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून, मुदत उलटूनही थकलेली अशी रक्कम आयकरात खर्च म्हणून ती प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच वजा मिळते. बिल १८० दिवसांत चुकते केले नाही, तर त्यावर घेतलेले जीएसटी क्रेडिटही व्याजासह परत करावे लागते.

म्हणून पुरवठादाराची नोंद करतानाच त्याचे उद्यम प्रमाणपत्र (अशा उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे) घ्यावे, तो सूक्ष्म, लघु की मध्यम हे मास्टरमध्ये (पुरवठादारांच्या कायम नोंदीत) लिहावे आणि लेखा विभागाला मुदतीची यादी दर आठवड्याला मिळेल अशी व्यवस्था करावी. वाद असलेल्या मालाबद्दलची हरकत लेखी आणि तातडीने कळवावी. माल आल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास तो स्वीकारला असे मानले जाते.

सीआयएफ दर म्हणजे न्हावा शेव्यापर्यंतची जबाबदारी विक्रेत्याची, असे समजणे

आयात नव्याने सुरू करणाऱ्यांची ही ठरलेली चूक आहे. सीआयएफमध्ये (किंमत, विमा आणि भाडे धरून दिलेल्या दरात) विक्रेता न्हावा शेव्यापर्यंतचे जहाजभाडे आणि विमा भरतो हे खरे. परंतु माल पाठवणाऱ्या बंदरात जहाजावर चढताच त्याची जोखीम खरेदीदाराकडे येते. इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापार-अटींच्या नियमांप्रमाणे या अटीत विक्रेत्याने किमान संरक्षणाचाच विमा काढणे बंधनकारक असते, त्यामुळे चोरी किंवा पाण्याने भिजणे यांसारखे नुकसान त्यात बसेलच असे नाही. व्यापक विमा हवा असल्यास तो आधीच लेखी मागावा किंवा स्वतः काढावा. मूळ सीमाशुल्क, त्यावरील १० टक्के समाजकल्याण अधिभार, बंदरावरील हाताळणी आणि कागदपत्रे उशिरा आल्यास कंटेनरवर चढणारा दंड हे सगळे मिळून खरी किंमत ठरते. आयातीवर भरलेल्या आयजीएसटीचे (एकात्मिक जीएसटीचे) क्रेडिट मिळते, मूळ सीमाशुल्काचे मिळत नाही. देशी आणि परदेशी दरांची तुलना करताना हा फरक अनेकांच्या नजरेतून सुटतो.

सूत्रे आणि प्रमाणपत्रे यांच्याकडून नको त्या अपेक्षा

अमेरिकी अभियंते फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलेले किफायतशीर ऑर्डरच्या आकाराचे सूत्र आजही शिकवले जाते. ते वापरताना दोन दशांशस्थळांपर्यंत अचूक उत्तर काढण्यात वेळ घालवू नये. सूत्राने १,००० नग सांगितले आणि आपण १,२५० मागवले, तरी ऑर्डर आणि साठवणुकीचा एकत्रित खर्च केवळ अडीच टक्क्यांनी वाढतो. म्हणून पूर्ण ट्रक किंवा पूर्ण पेटी भरेल असा आकडा निर्धास्तपणे घ्यावा. मात्र साठवणुकीच्या खर्चात केवळ व्याज धरू नये. जागा, गंज आणि आराखडा बदलल्याने निरुपयोगी झालेला मालही त्यात मोडतो.

प्रमाणपत्रांबाबत विचारणाऱ्यांना मी एवढेच सुचवेन, की नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटचे अभ्यासक्रम किंवा ब्रिटनमधील सीआयपीएस आणि अमेरिकेतील एएससीएम या खरेदी व पुरवठा क्षेत्रातील संस्थांच्या परीक्षा निवडण्यापूर्वी आपल्या कारखान्यातील एका मालाचा वर्षभराचा हिशेब वर सांगितलेल्या पद्धतीने पूर्ण करावा. तो हिशेब सोबत घेऊन वर्गात बसणाऱ्याला प्रत्येक प्रकरण आपल्या कामाशी जोडता येते, आणि नेमका कोणता अभ्यासक्रम हवा, आयातीचा, साठा नियोजनाचा की करारांचा, हेही त्या हिशेबातील सर्वांत मोठ्या गळतीवरून ठरवता येते.