तीन महिन्यांची सुई: भरवसा किती आणि तो टिकवायचा कसा

पाळणा लांबवण्यासाठी दर तीन महिन्यांनी घेतल्या जाणाऱ्या इंजेक्शनबद्दल पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: दिवस जाणार नाहीत याची खात्री किती? याचे प्रामाणिक उत्तर दोन आकड्यांत द्यावे लागते. प्रत्येक इंजेक्शन ठरल्या वेळी घेतले, तर वर्षभरात हजार स्त्रियांपैकी साधारण दोघींना दिवस जातात. प्रत्यक्षात एखादी तारीख हुकते, एखादा डोस राहून जातो, आणि मग हाच आकडा शंभरात चार, म्हणजे हजारात चाळीसपर्यंत जातो. औषध तेच आणि मात्राही तीच असते. दोन आणि चाळीस यांमधले अंतर जवळजवळ सगळे तारखेचे आहे. म्हणून हे इंजेक्शन घेणाऱ्या प्रत्येकीने सर्वाधिक लक्ष तारखेकडे द्यावे, असे मला मनापासून वाटते.

हे इंजेक्शन म्हणजे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची 150 मिलिग्रॅमची मात्रा होय. 2017 पासून सरकारी आरोग्य केंद्रांत ते 'अंतरा' या नावाने मोफत मिळते. त्याने स्त्रीबीज बाहेर पडणे थांबते आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होऊन शुक्राणूंची वाट अडते. तुलनेसाठी सांगायचे तर रोजच्या वापरात गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे सात जणींना, आणि केवळ निरोधवर विसंबणाऱ्या शंभरांपैकी सुमारे तेरा जणींना वर्षभरात दिवस जातात. एकदा बसवलेली तांबी मात्र इंजेक्शनपेक्षा अधिक भरवशाची ठरते, कारण तिला तारीख पाळावी लागत नाही.

पहिले इंजेक्शन पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत घेतले, तर संरक्षण लगेच सुरू होते. त्यानंतरही ते घेता येते, परंतु आधी दिवस गेलेले नाहीत याची खात्री करावी लागते आणि पुढचे सात दिवस निरोध वापरावा लागतो. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी सुरुवात करावी; दूध कमी होत नाही. गर्भपातानंतर सात दिवसांच्या आत घेतल्यास वेगळी काळजी घ्यावी लागत नाही.

सुई टोचतानाच्या दोन गोष्टी मुद्दाम पाहून ठेवाव्यात. कुपी बराच वेळ उभी राहिली की पांढरे औषध तळाशी बसते आणि वर नितळ पाणी दिसते. ती नीट हलवून सगळे द्रावण एकसारखे दुधाळ झाल्यावरच औषध सिरिंजमध्ये ओढायचे असते, नाहीतर पूर्ण मात्रा शरीरात जात नाही. परिचारिकेला "कुपी हलवली का?" असे विचारण्यात गैर काहीच नाही. दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. दंडावर किंवा कमरेखाली टोचलेली जागा चोळू नये आणि शेकू नये. दुखले की चोळायचे, ही आपल्याकडची जुनी सवय. पण या औषधाचा साठा स्नायूत राहून तीन महिने हळूहळू झिरपायचा असतो, आणि चोळल्याने तो लवकर संपू शकतो. कापसाचा बोळा नुसता दाबून धरावा.

आता तारखेकडे येऊ. समजा, 10 जुलैला इंजेक्शन घेतले, तर पुढचे 10 ऑक्टोबरला येते. ते दोन आठवडे आधी, म्हणजे 26 सप्टेंबरपासून घेता येते, आणि उशीर झालाच तर चार आठवड्यांपर्यंत, म्हणजे 7 नोव्हेंबरपर्यंत तपासणीशिवाय घेता येते. ही चार आठवड्यांची सवलत अडीअडचणीसाठी आहे; दर वेळी तिच्यावर विसंबून राहू नये.

तारीख चुकण्याची कारणे मला नेहमी दोन दिसतात. अनेक जणी पाळीवरून महिने मोजतात, आणि या इंजेक्शनने पाळी अनियमित होते किंवा थांबते, म्हणजे हिशेबाचे साधनच हातातून जाते. "पाळी आली की सुई घेईन" म्हणून थांबणारी स्त्री महिनोन्महिने थांबून राहू शकते. दुसरे कारण सणांवरून मोजण्याचे. आषाढी एकादशी ते घटस्थापना हे अंतर 2024 मध्ये 78 दिवसांचे होते, तर 2023 मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे 108 दिवसांचे झाले. "आषाढीला घेतले होते, आता घटाला घेऊ" हा हिशेब एका वर्षी दोन आठवडे लवकर आणि दुसऱ्या वर्षी दोन आठवडे उशिरा पडतो. तेव्हा इंजेक्शन घेतल्या दिवशीच घरच्या दिनदर्शिकेवर पुढची तारीख गोल करून ठेवावी आणि आशाताईंनाही ती सांगून ठेवावी.

दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींसाठी हे अधिकच महत्त्वाचे आहे. वरच्याच उदाहरणात 10 ऑक्टोबरचा डोस गाव सोडण्यापूर्वी, सप्टेंबरअखेरीस घेता येतो. मात्र तेव्हापासून पुढचे तीन महिने मोजले की त्यापुढचा डोस डिसेंबरअखेरीस, म्हणजे कोपीवर (ऊसतोडीच्या मुक्कामाच्या झोपडीत) असतानाच येतो. म्हणून इंजेक्शनच्या नोंदीचे कार्ड कपड्यांच्या बोचक्यात सोबत न्यावे आणि जिथे मुक्काम असेल तिथल्या आरोग्य केंद्रात ते दाखवावे, म्हणजे मागचा डोस कधी झाला हे तिथल्या परिचारिकेला समजते.

चार आठवड्यांपेक्षा जास्त उशीर झाला, तर घाबरून इंजेक्शन सोडून देऊ नये. तोपर्यंत निरोध वापरावा, दवाखान्यात लघवीची तपासणी करून दिवस गेलेले नाहीत याची खात्री करावी, इंजेक्शन घ्यावे आणि पुढचे सात दिवस निरोध चालू ठेवावा. उशिराच्या काळात गेल्या तीन दिवसांत संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीबद्दल लगेच विचारावे. दिवस गेलेले असताना चुकून इंजेक्शन घेतले गेले, तर त्याने गर्भाला इजा होत असल्याचे आढळलेले नाही.

दुसऱ्या डोसला न येणाऱ्यांपैकी बहुतेक जणी थांबतात त्या रक्तस्रावाच्या भीतीने. पहिले तीन ते सहा महिने मधूनच डाग पडणे किंवा थोडे थोडे अंगावरून जाणे नेहमीचे आहे, आणि वर्षभरानंतर सुमारे निम्म्या जणींची पाळी थांबते. "रक्त आत साठून राहते" असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात तेव्हा ते काळजीपोटी असते, परंतु तसे घडत नाही. गर्भाशयाचे अस्तर पातळच राहते, त्यामुळे बाहेर पडायला फारसे काही नसतेच. रक्तस्राव आठ दिवसांपेक्षा जास्त चालला किंवा नेहमीच्या दुप्पट झाला, तर मात्र दवाखाना गाठावा. काहींचे वजन वाढते. हाडांची घनताही थोडी कमी होते, आणि इंजेक्शन बंद केल्यावर ती बहुतांशी भरून येते.

स्तनाचा कर्करोग, 160/100 किंवा त्याहून जास्त रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात, यकृताचा गंभीर आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर हे इंजेक्शन चालत नाही. म्हणून पहिल्या वेळी रक्तदाब मोजून घेण्याचा आग्रह धरावा. क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, परंतु या इंजेक्शनवर तसा परिणाम होत नाही. एचआयव्ही आणि गुप्तरोगांपासून मात्र ते अजिबात संरक्षण देत नाही. तिथे निरोधच लागतो.

पुढे मूल हवे असेल, तर आधीपासून हिशेब करावा लागतो. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी सात ते दहा महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. तितक्या काळात दिवस राहिले नाहीत म्हणून वांझपण आले, असे कोणीही समजू नये. पुढच्या दिवाळीच्या सुमारास दिवस राहावेत असे वाटत असेल, तर शेवटचे इंजेक्शन यंदाच्या दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत केव्हातरी घेऊन थांबावे. या काळात अचानक दिवस राहिले तर चालणार नसतील, तर शेवटच्या डोसचे तीन महिने संपताच निरोध किंवा दुसरे साधन सुरू करावे, कारण काहींना सात महिन्यांच्या आधीही दिवस जातात.