नवी मुंबईत जन्मलेलं बाळ: आई किंवा वडील परदेशी असतील तर

आधी जन्मतारीख बघा, सगळं तिच्यावर ठरतं. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेल्याला आईवडील कुठलेही असोत, जन्माने नागरिकत्व मिळतं (परदेशी राजदूतांची मुलं वगळून). त्यानंतर ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत आईवडिलांपैकी एक भारतीय असला की पुरे. पुढच्या जन्मांना मात्र दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा, बाळ जन्मलं त्या दिवशी, बेकायदा राहणारा नसावा.

खरी अडचण इथेच येते. म्हणून परदेशी पालकाच्या पासपोर्टची आणि त्या तारखेला चालू असलेल्या व्हिसाच्या पानाची प्रत आजच काढून ठेवा. जुना पासपोर्ट टाकू नका. नेपाळी नागरिकाला व्हिसा लागत नाही, त्याने नेपाळचं नागरिकत्व प्रमाणपत्र जपावं.

वाशीच्या हॉस्पिटलात बाळ झालं तर नोंद नवी मुंबई महापालिकेत, घर ठाण्यात असलं तरी. मुदत जन्मापासून २१ दिवस. त्यानंतर जन्माच्या ३० व्या दिवसापर्यंत विलंब शुल्क, पुढे वर्षभर लेखी परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. डिस्चार्जआधी हॉस्पिटलच्या फॉर्मवरचं स्पेलिंग पासपोर्ट शेजारी धरून अक्षर-अक्षर जुळवा. एक अक्षर चुकलं तरी पुढे बाळाचा पासपोर्ट अडतो.

जन्मदाखला तारीख आणि ठिकाण सिद्ध करतो, नागरिकत्व नव्हे. आधारही नाही. दोघेही पालक परदेशी असतील तर बाळाला त्यांच्याच देशाचा पासपोर्ट काढावा लागतो. त्यासाठी वकिलातीत लवकर जा.