तीन वर्षांचं बीए मी चार वर्षांत केलं

माझ्या शिक्षणाचा करार आमच्या घरी तोंडीच झाला होता. बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी अण्णा म्हणाले, "तीन वर्षं शीक. मग आम्ही स्थळं बघणार." तीन म्हणजे तीन. समाजशास्त्रात बीए करायला मला चार लागली, आणि त्या चौथ्या वर्षी घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहा देताना मला काय काय ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही. लिहितेय ते यंदा आमच्या बीड जिल्ह्यातल्या वडवणी, धारूर, केज, माजलगावकडून जी पोरंपोरी बीएला बसतायत त्यांच्यासाठी.

"बीएचं काय, महिनाभर गाईड वाचलं की निघतंय." हे वाक्य पहिल्याच आठवड्यात तुमच्या कानावर पडेल. ते निम्मं खरं आहे, म्हणूनच नडतं. बरेचसे पेपर तसे निघतात, अडकवतो तो एखादाच. मला अडकवलं सामाजिक संशोधन पद्धतीनं. मध्यमान, मध्यगा, बहुलक, नमुना निवड. गणित टाळायला मी कला शाखा घेतली आणि ते समाजशास्त्राच्या मागच्या दारानं परत आलं. तो पेपर मी शेवटी ठेवला. पाचव्या सत्राचा निकाल कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बघितला. सगळ्या ओळी पास, एक नापास. दुकानदार म्हणाला, "ताई, एकच तर हाय. पुढल्या टायमाला निघंल."

निघालाही असता. पण त्याच दिवसांत आई सांगलीकडे उसाच्या फडावर आजारी पडली. मी पंधरा दिवस तिच्या कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, राहिले. भाकरी, पाणी, धाकटा भाऊ, रात्री गाडी भरायला आली की पुन्हा उठणं. तेवढ्यात इकडे परीक्षेचे फॉर्म सुटले. सहाव्या सत्राचा फॉर्म मैत्रिणीनं भरून दिला, पण राहिलेल्या विषयाचा फॉर्म वेगळा भरायचा असतो हे ना तिला माहीत, ना मला. विलंब शुल्काची तारीखही गेली. सहावं सत्र पास झाले, आणि पाचव्यातल्या एका पेपरासाठी पदवी थांबली. वसतिगृह सुटलं, एमएचा प्रवेश गेला. म्हणजे पेपर माझ्या आळसानं राहिला, वर्ष मात्र एका फॉर्मानं गेलं. तेव्हा हॉल तिकीट हातात आलं की त्यावरचे विषय एकेक करून मोजा. आणि गावाला जाताना 'फॉर्म सुटले की फोन कर' असं एकीला नाही, दोघींना सांगून जा.

आता माझी चुलतबहीण पहिल्या वर्षाला आहे आणि तिच्यासोबत मी नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम वाचला. आमच्या वेळी तीन ऐच्छिक विषय आणि भाषा एवढाच पसारा होता. आता मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे बाहेरचा निवडीचा विषय, कौशल्याचे पेपर, मूल्यशिक्षण, फील्ड प्रोजेक्ट. पहिल्यांदा वाचताना दोघींनाही घाम फुटला. पण हिशोब सरळ आहे. एका सत्राला 20 ते 22 क्रेडिट, तीन वर्षांचे 120 ते 132. एका क्रेडिटला तासिकेचे 15 तास, प्रात्यक्षिकाचे किंवा क्षेत्रकार्याचे 30. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, तेव्हा 160 ते 176. दोन क्रेडिटचा पेपर किरकोळ वाटतो आणि मुलं तोच सोडून देतात. पण बेरजेत तो कमी पडला की मेजरमध्ये कितीही गुण असोत, पदवी अडते. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स म्हणजे क्रेडिट जमा ठेवायची ऑनलाइन सोय, तिथं खातं काढून प्रत्येक निकालानंतर जमा झालेले क्रेडिट बघत जा. चूक असेल तर दुसऱ्या सत्रात दुरुस्त होते. सहाव्या सत्रात नुसत्या चकरा होतात.

ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतलं घ्यावं लागतं. मैत्रीण घेते म्हणून घेऊ नका, तासिका किती वाजता आहे ते बघा. बहिणीनं निवडलेल्या पेपरची तासिका साडेचारला होती आणि आमच्या गावाची मुक्कामी सोडून शेवटची एसटी पावणेपाचला. तिनं आठ दिवसांत विषय बदलून घेतला. मुदत गेल्यावर कुणी बदलून देत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. विद्यापीठाचं वेळापत्रक आपल्या गावाचं काम बघून ठरत नाही. पहिलं, तिसरं, पाचवं सत्र म्हणजे पावसाळा ते दिवाळीच्या आगेमागे. त्यातच सोयाबीन काढायला येतं, मग कापसाची वेचणी. दसरा-दिवाळी झाली की निम्मा गाव ऊसतोडीला. थोरल्या पोरीच्या गळ्यात घर पडतं, नाहीतर तीही सोबत जाते. म्हणून कॉलेज सुरू झालं की जो पेपर सगळ्यात अवघड त्याला आधी हात घाला आणि पोळ्याच्या आत त्याचं निम्मं काम उरका. तेव्हा शेतात खुरपणी असते, पण घरात माणसं असतात. अंतर्गत चाचण्या, स्वाध्याय दसऱ्याच्या आत वहीत उतरलेले हवेत.

क्षेत्रकार्याला तर हे दुप्पट लागू. तिसऱ्या वर्षी मी ऊसतोड महिलांवर प्रकल्प घेतला आणि 30 प्रश्नावल्या घेऊन शेजारच्या तांड्यावर गेले. नोव्हेंबरात! दारांना कुलपं. एका ओट्यावर म्हातारी नातवाला भाकर चारत बसली होती. म्हणाली, "कुणाला इचारतीस बाई? समदे गेले की तोडीला. आता गुढीपाडव्याच्या पुढंच ये." आणि हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू, माझेच आईबाप त्या गाड्यांत होते. कागदावर प्रकल्प लिहिताना गाव डोक्यातून कसं जातं, देव जाणे.

चौथ्या वर्षी, बायका परत आल्यावर, जूनमध्ये तेच काम मी नऊ दिवसांत केलं, बिनगुणाचं, फक्त स्वतःसाठी. पहिल्या दिवशी 'व्यवसाय' या रकान्यात सहा जणींनी सांगितलं, "काही नाही, घरीच असते." सहा महिने ऊस तोडून आलेल्या बायका! मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे एकच जोडी, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुतेक नवऱ्याच्या हातात. तिथं बाईचं काम वेगळं लिहिलंच जात नाही, मग ती तरी कशाला सांगेल? दुसऱ्या दिवशी मी प्रश्न बदलला. "मागच्या हंगामात मोळ्या कुणी बांधल्या?" सगळ्यांनी हात वर केला. जो पेपर मला दोनदा द्यावा लागला तो मला त्या ओट्यावर समजला. प्रकल्प दोन क्रेडिटचा असेल तर 60 तास लागतात, आणि ते रिकाम्या तांड्यावर भरत नाहीत. सत्र सुरू व्हायच्या आधीच सरांना विषय सांगून माणसं गाठा.

वाचनात मात्र काटकसर करता येते. डॉ. आंबेडकरांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातींवर वाचलेला निबंध एका बैठकीत वाचून होतो. जात टिकते ती अंतर्विवाहानं, हा त्याचा गाभा. तो जातव्यवस्था, विवाह-कुटुंब आणि भारतीय विचारवंत अशा तिन्ही ठिकाणी उपयोगी पडतो. घुर्ये, श्रीनिवास, इरावती कर्वे या आपल्याकडच्या समाजशास्त्रज्ञांचंही तसंच. प्रत्येकाचं एक पान स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवा. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमनं 1897 च्या आत्महत्येवरच्या अभ्यासात आकड्यांतून समाज कसा वाचला, हे पद्धतीच्या पेपराआधी वाचलं असतं तर मध्यमानाची भीती कमी झाली असती. गाईड उत्तर देतं, पण प्रश्न जरा फिरवून आला की गाईडवाला गप्प.

एखादा पेपर कॉलेजात शिकवायलाच कुणी नसेल तर सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या स्वयम् पोर्टलवर बघा. तिथले क्रेडिट धरतात, फक्त विभागप्रमुखांची परवानगी आधी घ्या. पुढं तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत जायचा विचार असेल तर प्रवेश परीक्षेचा अर्ज शेवटचं सत्र चालू असतानाच भरावा लागतो, निकालानंतर नाही.

बहिणीच्या घरी चुलीमागच्या भिंतीवर कालनिर्णय आहे. त्यावर दुधाचा हिशोब काकूच्या पेन्सिलीनं, आणि यंदापासून बहिणीच्या लाल पेननं पोळ्यावर 'पद्धती, तीन घटक' आणि दसऱ्यावर 'स्वाध्याय'. फॉर्मची तारीख अजून आलेली नाही, म्हणून नोव्हेंबरच्या पानावर तिनं माझा फोन नंबर लिहून ठेवलाय. काका विचारत होते, हे कशाला? ती म्हणाली, "तीन वर्षं म्हणालात ना?"