पुढचा ब्रेक दाबायला शिका: आपल्या रस्त्यांवर मोटारसायकल कशी चालवावी

"पुढचा बिरेक नको दाबू बे, उलटा होशीन." आमच्याकडे पोट्ट्याच्या हातात पहिल्यांदा गाडी देताना बाप, काका, चुलतभाऊ आणि पानठेल्यावर बसलेला कुणीही हाच उपदेश करतो. मी पशुधन पर्यवेक्षक आहे. मागं गोठवलेलं वीर्य ठेवायचं द्रवरूप नत्राचं भांडं बांधून यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा-घाटंजीच्या आजूबाजूच्या गावांत गाई-म्हशी भरवत, म्हणजे कृत्रिम रेतन करत फिरायला मला बावीस वर्षं झाली. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर सहज होतात. या काळात पुतणे, भाचे, आमचा शिपाई आणि जिल्हा परिषद शाळेतल्या दोन मॅडम यांना गाडी शिकवली. प्रत्येकाच्या डोक्यातून आधी हे एक वाक्य उपटून काढावं लागलं.

क्लच सोडणं, गियर टाकणं, आठ काढणं आठवडाभरात येतं. ते येतं असं धरूनच पुढं लिहितो.

आधीची तयारी

लायसन्स काढा. गियरच्या गाडीला वय १८ पूर्ण लागतं. सोळाच्या पोराला कौतुकानं चावी देणाऱ्या बापांनी मोटार वाहन कायद्यातलं कलम १९९-अ कुणाकडून तरी वाचून घ्यावं. पोरानं गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी त्यात तरतूद आहे.

हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं आणि आयएस ४१५१ हा आकडा असलेलं घ्या, पट्टा लावा. रस्त्याच्या कडेला मिळते ती प्लास्टिकची टोपी पोलिसासाठी असते, डोक्यासाठी नसते. मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं. "त्यानं ऐकू येत नाही" म्हणणारे कानात गाण्याच्या बोंड्या घालून फिरतात, त्यांच्याशी मी वाद घालणं सोडलं.

टायरमधली हवा कंपनीनं गाडीवर चिकटवलेल्या पट्टीप्रमाणे, टायर थंड असताना भरा. चेन फार सैल ठेवू नका. आणि पुढच्या ब्रेकची दांडी ओढून बघा. ती मुठीला जाऊन टेकत असेल तर तुमच्या गाडीला पुढचा ब्रेक नाहीच, नुसती शोभा आहे. गावातल्या निम्म्याअधिक गाड्यांची हीच गत असते, कारण मालकानंच मिस्त्रीला सांगून तार ढिली करून घेतलेली असते. तार घट्ट करा, तिला तेल द्या, लायनर झिजला असेल तर बदला. खर्च फार नाही.

आता ब्रेक

मी एवढा चिडून का लिहितो ते आधी सांगतो. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. रस्त्याचं काम चालू होतं, डांबरावर बारीक चुरी पसरलेली. गाडी वळणात झुकलेली असताना मी घाबरून पुढच्या ब्रेकची दांडी जीव खाऊन आवळली. पुढचं चाक एका क्षणात सटकलं आणि मी खांद्यावर आपटलो. कॉलरबोन मोडलं. दवाखान्यात बघायला आलेल्या प्रत्येकानं तेच वाक्य ऐकवलं, आणि मलाही ते पटलं.

पुढची दोन वर्षं मी पुढच्या ब्रेकला बोट लावलं नाही. मग एका संध्याकाळी, दिवेलागणीला, कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, समोर आली. बंडीला दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मी मागचा ब्रेक पूर्ण दाबला. चाक जाम झालं, गाडी सापासारखी वळवळत घसरत राहिली आणि थांबेना. रस्ता कोरडा होता, सरळ होता, वेगही पन्नासच्या आसपासच. शेवटी गुडघा बंडीच्या चाकावर आदळला तेव्हा थांबलो. गुडघा आजही थंडीत बोलतो. पुढचा ब्रेक नीट दाबला असता तर बंडीच्या चांगला अलीकडे थांबलो असतो, हे मला खूप नंतर कळलं.

का, ते नीट समजून घ्या. बंडीत उभे असताना बैल अचानक थांबले की आपण पुढं जातो. गाडीतही तेच होतं. ब्रेक लागला की गाडीचं आणि तुमचं वजन पुढच्या चाकावर येतं. ते चाक रस्त्यावर दाबलं जातं, त्याची पकड वाढते. मागचं चाक त्याच वेळी हलकं होतं आणि हलकं चाक लवकर घसरतं. म्हणजे गाडी थांबवायची जास्त ताकद पुढच्या चाकात असते, आणि आपण नेमकं तेच वापरत नाही.

मग माझं पहिल्या वेळी काय चुकलं? दोन गोष्टी. एक, गाडी झुकलेली होती आणि खाली चुरी होती. दुसरी चूक सगळेच करतात. वजन पुढं यायला थोडासा वेळ लागतो. ते येण्याआधीच दांडी आवळली तर चाकावर भार नसतो, ते जाम होतं आणि सटकतं. दोष ब्रेकचा नव्हता, माझ्या मुठीचा होता.

धार काढणाऱ्याला हे पटकन समजतं. सड हातात घेऊन एकदम आवळला तर गाय लाथ घालते. आधी बोटं टेकवायची, तिला कळू द्यायचं, मग दाब चढवत न्यायचा. पुढचा ब्रेक अगदी तसाच. आधी हलकं टेकवा, पुढचा शॉकअप खाली बसल्याचं हाताला जाणवेल. बसला की दाब वाढवा, पाहिजे तितका वाढवा. बोलायला वेळ लागतो, पण सवय झाली की हे सगळं अर्ध्या सेकंदात होतं. माझ्या त्या दोन मॅडमपैकी एकीच्या घरी चार म्हशी होत्या. तिला पहिल्याच दिवशी जमलं.

सराव कुठं करायचा? शेतात नाही, पांदणीवर नाही आणि शाळेच्या मातीच्या मैदानावरही नाही. टणक, कोरडी, रिकामी जागा पाहिजे. उन्हाळ्यात हंगाम संपल्यावर कापसाच्या जिनिंगचं सिमेंटचं आवार ओस पडलेलं असतं. चौकीदाराला विचारा, चहा पाजा. सकाळी सहाला जा, दहानंतर सिमेंट तव्यासारखं तापतं.

एक वीट ठेवा. ताशी २० च्या वेगानं या, वीट आली की दोन्ही ब्रेक लावा. पुढचा वर सांगितल्यासारखा दाबत न्या, मागचा बेतानं. नजर लांब समोर ठेवा, विटेकडे किंवा चाकाकडे बघितलं की गाडीही तिकडेच जाते. हँडल सरळ, गुडघे टाकीला चिकटलेले, कोपर ताठ नाहीत. क्लच अगदी शेवटी, इंजिन बंद पडायच्या आत ओढा. आल्या आल्या क्लच ओढणाऱ्यांचा मला राग येतो, इंजिनही गाडी अडवायला मदत करत असतं, ती मदत फुकट जाते. असं वीस-पंचवीस वेळा करा. सहज जमायला लागलं की ३०, मग ४०. एका दिवसात ४० वर जाऊ नका. माझा एक भाचा गेला होता, त्याच्या तळहातावर अजून सिमेंटची खूण आहे.

मग एक गंमत करा. ४० वरून आधी फक्त मागच्या ब्रेकनं थांबा आणि विटेपासून पावलं मोजा. मग दोन्हीनं थांबा आणि मोजा. माझ्या गाडीला मागच्यानं सत्तावीस पावलं लागली, दोन्हीनं चौदा. हा फरक डोळ्यांनी बघितल्यावर पानठेल्यावरचा उपदेश आपोआप गळून पडतो. आणि हे वीट दिसणारच आहे हे माहीत असतानाचं. रस्त्यावर शेळी दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर ४० च्या वेगात गाडी अकरा मीटर पुढं गेलेली असते. म्हणून गावात शिरताना दोन बोटं आधीच दांडीवर ठेवायची सवय लावा.

पुढचं चाक जाम झालं असं वाटलं तर दांडी लगेच सोडा आणि पुन्हा हलक्या हातानं दाबा. मागचं चाक घसरायला लागलं आणि गाडी सरळ असेल तर पाय ढिला करा. पण गाडी तिरपी झालेली असेल तर पाय तसाच राहू द्या. तिरप्या गाडीचा मागचा ब्रेक एकदम सोडला की चाक अचानक रस्ता पकडतं आणि गाडी तुम्हाला पलीकडे फेकते.

"माह्या गाडीला आपोआप लागते," असं नवीन गाडीवाले सांगतात. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं, हे खरं. पण सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबल्यावर पुढचा थोडासाच लागतो, पूर्ण ताकद हातानंच द्यावी लागते. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, मात्र बऱ्याच गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. आणि चुरी-मातीवर त्याच्यावर विसंबून वेग वाढवणारा माणूस माझ्या मागं बसणार नाही.

उपदेश करणाऱ्यांचं एक ऐकतो. मुरूम, चुरी, ओली माती यांवर पुढचा ब्रेक फारच हलका ठेवायचा आणि मागच्यावर भर द्यायचा. पण तिथला खरा ब्रेक म्हणजे कमी वेग. वळणाचंही तसंच. जो काही ब्रेक लावायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना.

उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्यांबद्दल एकच वाक्य: करू नका.

आपले रस्ते

पावसाळ्यात सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे पांदण डांबरी सडकेला मिळते ते तोंड. ट्रॅक्टर वावरातून निघताना चाकांसोबत काळी माती सडकेवर आणतो. वरून शिंतोडे पडले की तिचा साबण होतो. लांबून रस्त्यावर काळपट पट्टे दिसले की आधीच वेग कमी करा आणि त्यावरून जाताना ब्रेक, अॅक्सिलेटर काहीच हलवू नका. पांदणीत शिरलात तर ही माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये ठासून बसते आणि चाक फिरणंच बंद होतं. ती उकरून काढायला मी डिकीत तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी ठेवतो.

ऑक्टोबरात सोयाबीन सडकेवर वाळत घातलेलं असतं. दाण्यांवरून चाक गेलं की गोट्यांवर चालल्यासारखं होतं. त्याहून वाईट म्हणजे भोवती मांडलेले दगड. माल उचलला जातो आणि दगड रात्रीही तिथंच राहतात. कास्तकारांना बोललो की म्हणतात, "साहेब, खळं कुठं हाय आता?" त्यांचंही खोटं नाही. पण दगड उचला ना बाप्पा.

रात्री टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूनं जायचं असेल तर चाळीसच्या वर जात नाही. रोही, म्हणजे नीलगाय, एकटा रस्ता ओलांडताना दिसला तरी मागं आणखी असू शकतात हे धरून चाला. रानडुकरं तर रांगेनंच येतात. समोरून एकच दिवा येतोय म्हणून ती मोटारसायकल असेल असं समजू नका, एक दिवा गेलेला ट्रॅक्टर असतो आणि त्याची ट्रॉली तुमच्या बाजूला आलेली असते.

नागपूर-हैदराबाद महामार्गावर, म्हणजे ४४ नंबरच्या सडकेवर, अर्ध्या किलोमीटरसाठी उलट्या बाजूनं जाऊ नका. कट दोन किलोमीटर पुढं असेल तर दोन किलोमीटर जा. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदीच आहे, "एवढं एक स्टेशन" म्हणून चढू नका.

ओझं

युरियाचं एक पोतं ४५ किलोचं असतं. ते मागं बांधलं की गाडीचं नाक हलकं होतं, हँडल तरंगल्यासारखं वाटतं आणि थांबायला जागा जास्त लागते. ओझं शक्य तेवढं पुढं, सीटला लागून आणि दोन ठिकाणी बांधा. नत्राच्या भांड्यानं मला हे शिकवलं, आतलं पातळ वळणावर डुचमळतं आणि गाडी तिकडे ओढते. मागं भार असला की हेडलाइटचा झोत वर उठतो, तुम्हाला खड्डा दिसत नाही आणि समोरचा आंधळा होतो. हेडलाइटचा स्क्रू सैल करून झोत खाली करायला दोन मिनिटं लागतात.

नाल्यावरचा पूल

पोळ्याच्या आसपास नाले भरतात आणि ठेंगण्या पुलांवरून पाणी वाहू लागतं. गुडघाभर वाहतं पाणी गाडीसकट माणसाला नेतं, आणि गढूळ पाण्याखाली पूल शाबूत आहे की कडा तुटली आहे हे वरून कळत नाही. काठावर उभी असलेली मंडळी "निंघते, निंघते" म्हणून हात हलवत असतात, ती स्वतः मात्र काठावरच असतात. मी गाडी स्टँडला लावतो आणि पलीकडच्या कास्तकाराला फोन करतो. आज गाय भरवणं होत नाही भाऊ, एकवीस दिवसांनी ती पुन्हा माजावर येईल, तेव्हा येतो.