गिरणी बंद, कोठीत गहू

25 मार्च 2020, पाडवा. त्याच दिवशी लॉकडाऊन सुरू झाला. आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो. कोठीत वीस किलो गहू, पण डब्यात कणीक जेमतेम दोन दिवसांची. कोपऱ्यावरच्या गिरणीला कुलूप, आणि दुकानातलं तयार पीठ आदल्या रात्रीच संपलेलं. (द्राक्षं मात्र दारात येत होती. निफाडकडचे शेतकरी टेम्पो घेऊन यायचे. पण द्राक्षांनी पोट कुठलं भरतंय!)

शेवटी मिक्सर काढला. पहिल्या दिवशी घाईत भांडं गच्च भरलं आणि तो मध्येच गप्प झाला. जळाला म्हणून मी कपाळाला हात लावला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, उलटा करून बघ तरी." बुडाशी ओव्हरलोडचं लाल बटण होतं. वायर काढली, अर्धा तास गार होऊ दिला, बटण दाबलं, सुरू!

मग पद्धत बसली. गहू गच्चीवर दिवसभर कडक उन्हात वाळवायचे, ओलसर राहिले तर नुसते चिकटतात. छोट्या भांड्यात एकावेळी एकच वाटी, अर्धं मिनिट फिरवून थांबायचं. मैद्याच्या चाळणीनं चाळायचं, वर राहिलेलं पुन्हा फिरवायचं. तरी जाडसर उरतंच, त्याची लापशी किंवा उपमा.

ही कणीक पाणी जास्त पिते, म्हणून सैल मळून अर्धा तास झाकून ठेवायची. घडीच्या पोळ्या काही जमल्या नाहीत, कडा फाटायच्या. जाड फुलके मात्र छान झाले.