चित्रं काढून घर चालवायचंय? मग हे आधी करा

दिवाळी अंकांची कामं पावसाळ्यात धो धो येतात, मुखपृष्ठ, कथाचित्रं, सगळं एकदम, आणि मग जानेवारीत फोन वाजतच नाही, त्यामुळे सीझनचे पैसे आले की आधी तीन-चार महिन्यांचा घरखर्च वेगळ्या अकाउंटला टाका, नवा टॅब नंतर घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैसे घेऊन कुणाच्या ऑर्डरवरून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलं आणि करार काहीच नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कॉपीराइटचा, म्हणजे चित्र छापायच्या-वापरायच्या हक्काचा, पहिला मालक ऑर्डर देणारा ठरतो, चित्रकार नाही! कित्येक चांगल्या चित्रकारांना हे माहीतच नसतं, फार वाईट वाटतं बघून. म्हणून ब्रश उचलायच्या आधी एका पानावर लिहून सही घ्या: कॉपीराइट चित्रकाराचा, वापर फक्त या अंकाच्या मुखपृष्ठासाठी, कॅलेंडर-टीशर्टवर छापलं तर वेगळे पैसे, करेक्शन्स दोनदाच, निम्मे पैसे ॲडव्हान्स. ओळखीतलं काम असलं तरी, उलट तेव्हा तर नक्कीच.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, फुकट होतं, करूनच टाका, कारण एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात छोट्या व्यावसायिकाचं पेमेंट ४५ दिवसांपेक्षा जास्त लांबवता येत नाही, तशी ओळ बिलावर टाका. आणि टीडीएस, म्हणजे पेमेंट देतानाच कापलेला इन्कम टॅक्स, कापला असेल तर इन्कम टॅक्स रिटर्न भरा, जास्तीचा कापलेला परत मिळतो.