आधी पडदा मोजा, मग फोटोला हात लावा

नारायण पेठेतल्या एका छोट्या स्टुडिओत मी कामाला लागलो, तेव्हा फोटोशॉपची टूल्स मला पाठ होती. पहिल्याच आठवड्यात एक काकू आल्या. काका वर्षापूर्वी गेलेले. त्यांचा एकच चांगला फोटो होता, तो काकूंना मोबाईलच्या वॉलपेपरला हवा होता. मी रुंदी-उंचीमधली साखळी, म्हणजे दोन्हींचं प्रमाण बांधून ठेवणारी खूण, सोडली, दोन्ही आकडे टाकले, फोटो पडद्यावर बरोब्बर बसला. काकूंनी फोन हातात घेतला, बराच वेळ बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "यांचा चेहरा असा उभट नव्हता रे."

फोटोची रुंदी-उंची ३:४, पडद्याची ९:२०. मी काकांना ताणलं होतं. मग मूळ फाईल पुन्हा उघडली, खांद्यांच्या बाजूंनी थोडं कापलं आणि डोक्यावरची साधी पिवळसर भिंत वर वाढवत नेली. त्याचा आणखी एक फायदा झाला: लॉक स्क्रीनवरचं घड्याळ कपाळावर न येता भिंतीवर आलं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो. ती साखळी कधीही सोडू नका.

काम सुरू करायच्या आधी पडद्याचं माप विचारा. "मोबाईलला लावायचंय" एवढ्यावर भागत नाही. सध्याच्या बऱ्याच फोनचा पडदा १०८० बाय २४०० पिक्सेल, म्हणजे ठिपके, असतो, फुल एचडी मॉनिटर १९२० बाय १०८०, फोर-के ३८४० बाय २१६०. डीपीआयच्या, म्हणजे दर इंचाला किती ठिपके या आकड्यात अडकू नका, तो छपाईसाठी. पडद्याला फक्त पिक्सेल कळतात.

आता शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा घ्या. समोरून आडवा फोटो काढला, २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४०००. लॅपटॉपसाठी १६:९ मध्ये कापलात तर ६००० बाय ३३७५ उरतो. वरचं आभाळ आणि खालची फरसबंदी थोडी जाते, बिघडत काहीच नाही. फोनसाठी मात्र पूर्ण उंची ठेवूनही रुंदी फक्त १८०० मिळते. सत्तर टक्के फोटो गेला! दोन्हीकडचे बुरूज त्यात मावणारच नाहीत. मग ठरवावं लागतं: दरवाजा आणि वरचा नगारखाना ठेवायचा, की एकच बुरूज? नवीन मुलं इथे घाबरून दोन्हीचं अर्धं अर्धं ठेवतात, आणि फोटोची कड दरवाजाच्या मधोमध येते. एक काहीतरी निवडा आणि ते पूर्ण ठेवा. जिंप हे फोटोचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात क्रॉप (कापायच्या) टूलच्या 'फिक्स्ड'वर टिक करून ९:२० टाका आणि कापायची चौकट फोटोभर सरकवत बसा. मी अजूनही एकेका फोटोला पाच-सात मिनिटं नुसती चौकट सरकवतो, आणि तो वेळ वाया गेला असं मला कधी वाटलं नाही.

कापून झालं की मगच लहान करा, शेवटी किंचित शार्पन, म्हणजे कडा जरा ठसठशीत. छोटा फोटो मोठा करायला गेलात तर तो फाटतो. नसलेला तपशील कुठून येणार? व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा आलेला फोटो आधीच आक्रसलेला असतो, म्हणून गिऱ्हाइकाला 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं न लाजता सांगा. जेपेग पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी खराब होते, त्यामुळे मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये.

गणपतीच्या दिवसांत मंडळांच्या एलईडी भिंतींचं काम येतं, आणि तिथे भलेभले फसतात. भिंत मोठी म्हणून फाईलही मोठी, असं वाटतं. पण ही भिंत कॅबिनेट नावाचे चौकोनी तुकडे जोडून होते, आणि ३.९१ मिलिमीटर पिचच्या (दोन ठिपक्यांमधलं अंतर) अर्धा मीटर चौकोनी कॅबिनेटमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल असतात. तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच भिंत म्हणजे सहा गुणिले चार कॅबिनेट, एकूण फक्त ७६८ बाय ५१२. तुमच्या हातातल्या फोनपेक्षाही कमी! एका मंडळासाठी मी देणगीदारांची नावं बारीक अक्षरात टाकली होती. संध्याकाळी भिंत लागली तेव्हा त्यातलं एकही नाव वाचता येईना. मंडपाच्या मागे लॅपटॉप मांडीवर घेऊन मी ती यादी सहा-सहा नावांच्या स्लाइडमध्ये तोडली. आरतीच्या आधी पहिली स्लाइड लागली. समोर उभ्या असलेल्या एका आजोबांनी आपलं नाव मोठ्याने वाचलं आणि नातवाला बोटाने दाखवलं.